राणीतालात पाणी नाही

नर्मदेचा शेजार आणि बरगीचा जलाशय लाभलेल्या जबलपुरात पाण्याची चिंता अनेकांना अप्रस्तुत वाटते. परंतु बावन्न तलावांचे म्हणून लौकिक पावलेल्या या शहरात, १५६४ मध्ये रणांगणी देह ठेवणाऱ्या राणी दुर्गावतीचा राणीताल आणि तिच्या दासीचा म्हणून सांगितला जाणारा चेरीताल, ही नावे आता मोहल्ल्यांचीच उरली आहेत. (राणीतालात आज क्रीडांगण आहे!) पाऊस चार दिवस कोसळून पुढे पंधरवडाभर ओढ देऊ लागला, की ते पाणी थोपवून जमिनीत मुरवण्याचे काम तलावच करत असत. तेव्हा नव्या नळयोजनेची दरखास्त मंजूर करण्यापूर्वी उरलेल्या तलावांतील गाळ सरकारने उपसावा, आणि आपणही पहिल्या सरीचे धुळकट पाणी सोडून देऊन, छपराची पन्हळ वाळू-खडीच्या थरातून परसातल्या बुजत चाललेल्या विहिरीकडे वळवावी.