पैसे फेरीचे, डॉल्फिनचे नव्हेत!

चाकण पट्ट्यात नोकरी करणाऱ्याला दोन गोष्टी कधी सुटत नाहीत. एक ट्रॅफिक आणि दुसरं टार्गेट. ट्रॅफिक निदान ताम्हिणीपर्यंत मागे पडतं. टार्गेट मात्र थेट समुद्रात येतं बॉस, लाइफ जॅकेट घालून!

विषय निघाला तो कॅण्टीनमध्ये. जर्मनीला ट्रेनिंगला गेलेला आमचा एक मित्र तिथून क्रूझवर जाऊन आला. जहाज अटलांटिकमधल्या अझोर्सला थांबलं. ज्वालामुखीतून वर आलेली बेटं, तिथून छोट्या बोटीने व्हेल बघायला! फोटो बघून टेबलावर एकच सुस्कारा, ‘आपल्याकडे कुठलं आलंय हे!’

ऑब्जेक्शन! ज्वालामुखीचं म्हणाल, तर राजगुरुनगरला भीमेच्या पात्रात दिसणारा काळा कातळ म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हाच. सह्याद्री उतरून हाच दगड कोकणच्या किनाऱ्यापर्यंत जातो. आणि देवमासे? २०१५ मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात संशोधकांना चक्क ब्लू व्हेल दिसले होते. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक अवाढव्य देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. तेव्हा देवमासे आपल्याही समुद्रात आहेत, फक्त तिकीट काढून दिसत नाहीत. डॉल्फिन मात्र दिसतात.

म्हणून थंडीतल्या एका शनिवारी आम्ही सहाजण दापोलीला पोचलो. रविवारी सकाळी सातला बोटीत. समोर सुवर्णदुर्ग, पाणी एकदम शांत. बोट सुटते न सुटते तोच आमच्यातल्या प्रॉडक्शनवाल्याने विचारलं, ‘‘काका, डॉल्फिन गॅरण्टीड ना? नाही दिसला तर पैसे परत?’’

तांडेल हसले. ‘‘तेच तर! नाय दिसला तर गिऱ्हाईक भांडतं. मग आम्हाला त्याच्या मागं लागावंच लागतं.’’

पलीकडे तेच चाललं होतं. पाण्यावर एक पाठ दिसली की चार बोटी फुल स्पीडने तिकडे. पाठ गायब. पुन्हा दुसरीकडे दिसली की पुन्हा पळापळ. आमच्या गेटवर शिफ्ट सुटते तेव्हा सेम सीन असतो.

मी म्हटलं, ‘‘काका, आम्ही नाही भांडणार. इंजिन बंद करा.’’

दहा मिनिटं काहीच नाही. प्रॉडक्शनवाला घड्याळ बघतोय. आणि मग डावीकडून ‘फुस्स’ असा आवाज. श्वास! एक करडी पाठ, पाठोपाठ दुसरी, तिला चिकटून एक छोटं पिल्लू. कॅमेरे निघेपर्यंत खेळ खल्लास. पण तो श्वास सहाही जणांनी ऐकला. इंजिन चालू असतं तर ऐकूच आला नसता.

हे हम्पबॅक डॉल्फिन. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच यांचा संसार, म्हणून आपल्याला दिसतात आणि म्हणूनच आपला त्रासही त्यांनाच जास्त. जगभरात ही जात धोक्यात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात डॉल्फिनला पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. गढूळ पाण्यात ते आवाजाच्या आधाराने मासे शोधतात, एकमेकांना धरून राहतात. त्यात चार इंजिनं म्हणजे ऐन मीटिंगमध्ये चार मिक्सर.

अझोर्सचे लोक १९८०च्या दशकापर्यंत देवमाशांची शिकार करायचे. कड्यावरच्या टेहळणीच्या चौकीतून देवमासा हेरायचा आणि होड्या सोडायच्या. आज तशाच चौक्यांवरून पर्यटकांच्या बोटींना दिशा सांगितली जाते, आणि किती अंतर राखायचं हे कायद्याने ठरलेलं आहे. आपल्या बोटीत हे कोण ठरवतं? गिऱ्हाईक! तांडेलाच्या पोटाचा प्रश्न आहे, तो आपलंच ऐकणार.

तेव्हा पुढच्या वीकेण्डला जाणार असाल, तर बोटीत पाय ठेवायच्या आधीच सांगून टाका, ‘‘काका, दिसला नाही तरी पूर्ण पैसे देणार. पाठलाग नको.’’ आमच्या काकांनी परतताना स्वतःहून दहा मिनिटं जास्त फिरवलं. इंजिन हळू ठेवून.