पोप नाही, मग आपल्याकडे शेवटचा शब्द कोणाचा?

अंधेरीच्या सीप्झमध्ये नोकरी करणाऱ्या अनेकांना माहीत नसतं की आपल्या कंपन्यांच्या इमारतींमध्ये एका जुन्या चर्चचे अवशेष उभे आहेत. सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे चर्च जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये बांधलं. १८४० मध्ये साथ आली, वस्ती मरोळला हलली आणि तिथे नवं चर्च झालं. जुन्या चर्चचं छप्पर गेलं, भिंती राहिल्या. आजही मे महिन्यात वर्षातून एकदा आसपासचे ईस्ट इंडियन लोक तिथे प्रार्थनेला जमतात.

माझा एक सहकारी मरोळ गावठाणातला ईस्ट इंडियन कॅथलिक आहे. एकदा चहा पिताना मी त्याला सहज म्हणालो, "तुमचं सोपं आहे यार, पोप म्हणेल ते खरं. आमच्यात तसं काही नाही. अल्लाह आणि बंदा, मध्ये कोणी नाही." तो हसला आणि म्हणाला, "मग तुझ्या बहिणीच्या वेळी आठ महिने चकरा कुणाकडे मारत होतास?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितोय.

आधी ख्रिस्ती धर्माबद्दल, कारण "पोप म्हणेल ते खरं" हे आपलं अर्धवट ज्ञान आहे. ख्रिस्ती माणसाला धर्मात काय बरोबर हे कोण सांगतं, याचं एक उत्तर नाही. कॅथलिक म्हणतात, बायबल आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा दोन्ही मिळून, आणि त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार पोप व बिशपांचा. प्रोटेस्टंट म्हणतात, अखेरचा आधार फक्त बायबल. बायबल म्हणजे कोणती पुस्तकं यावरही एकमत नाही: कॅथलिक ७३ मानतात, प्रोटेस्टंट ६६.

पोपच्या अधिकारालाही लेखी सीमा आहे. पोप चुकू शकत नाही हा सिद्धांत १८७० च्या व्हॅटिकन परिषदेत ठरला, पण अटींसह: बाब श्रद्धेची किंवा नीतीची असली पाहिजे आणि पोपने आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने, सगळ्या चर्चसाठी ती जाहीर केली पाहिजे. त्यानंतर अशी घोषणा एकदाच झाली, १९५० मध्ये, मरियमेच्या सदेह स्वर्गारोहणाबद्दल. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हेही लिहून ठेवलं की अर्थ लावणारी सत्ता देवाच्या वचनाच्या वर नाही, ती त्याची सेवक आहे.

याचा अर्थ तिथे सगळं सुरळीत होतं असा नाही. आपल्या मुंबईतच कॅथलिकांचा मोठा तंटा झाला. पूर्वेकडचे बिशप सुचवण्याचा हक्क पोपने पोर्तुगालच्या राजाला दिला होता. त्याला पाद्रोआदो म्हणत. पुढे १६२२ मध्ये रोमने प्रोपागांडा नावाची स्वतःची संस्था काढली आणि थेट आपली माणसं पाठवायला सुरुवात केली. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबई बेटावरून पोर्तुगीज पाद्र्यांना घालवून रोमचे कार्मेलाइट पाद्री आणले. १७९४ मध्ये शहरातली चर्चेस दोन गटांत वाटली गेली. १८५३ मध्ये माहीमच्या चर्चवरून इतकं पेटलं की बिशप हार्टमन आत ठाण मांडून बसले, बाहेर विरोधकांनी वेढा घातला आणि शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं. ही दुहेरी सत्ता संपायला १९२८ साल उजाडलं.

दोन्ही बाजूंचं बायबल एकच होतं, श्रद्धाही एकच. भांडण होतं ते आमचा पाद्री कोण नेमणार यावर. पुस्तक एक असलं म्हणून अधिकाराचा प्रश्न सुटत नाही, हे माहीमच्या त्या वेढ्यात स्पष्ट दिसतं.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लगेचच त्यांचे आपल्या अँग्लिकन मार्गदर्शकांशी खटके उडू लागले. चर्च सांगतं म्हणून मान, हे त्यांना पटेना. ब्राह्मण पुरोहितांचं जोखड टाकून दुसऱ्या पुरोहितांचं घ्यायला त्या तयार नव्हत्या. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, भाषांतर १९२४ मध्ये छापून झालं. दुसऱ्याने लावलेला अर्थ नको असेल तर मूळ भाषा शिकायची तयारी हवी, एवढा त्यांचा प्रामाणिकपणा होता.

आता आपल्याकडे येऊ. आमचं घर कोकणी, सुन्नी, शाफई. शिया आणि बोहरा समाजात रचना वेगळी आहे, म्हणून मी फक्त माझ्या ओळखीच्या जगाबद्दल बोलतो. माझी मावसबहीण हनफी घरात दिलेली. नवऱ्याने तिला माहेरी पाठवलं, दोन वर्षांहून जास्त काळ खर्चाला पैसा दिला नाही आणि तलाकही देईना. तिने खुला मागितला, तर तो राजी नव्हता. आम्ही तीन ठिकाणी विचारलं. एका मौलानांनी सांगितलं, नवऱ्याच्या संमतीशिवाय काही होणार नाही. दुसऱ्यांनी सांगितलं, होऊ शकतं. तिसऱ्यांनी सांगितलं, सब्र करा. नवऱ्याकडच्यांनी पहिलं उत्तर धरलं, आम्ही दुसरं धरलं आणि ती मधल्या मध्ये आठ महिने लटकली. यातलं कोणतं उत्तर कुराणातलं, कोणतं फिक्हचं, कोणतं त्या माणसाचं स्वतःचं मत, हे आम्ही एकदाही विचारलं नाही.

"आमच्यात पोप नाही" हे तत्त्व म्हणून खरं आहे. पण व्यवहारात अधिकार असतोच. तो मोहल्ल्यातल्या इमामाकडे, जमातीच्या ज्येष्ठांकडे, यूट्यूबवरच्या वक्त्याकडे जातो. कॅथलिक माणसाला निदान हे माहीत असतं की निर्णय कोणी दिला, त्याची मर्यादा काय आणि अपील कुठे करायचं. आपल्याला अधिकाराचं नावच माहीत नसतं, त्यामुळे त्याची मर्यादाही माहीत नसते.

मी आपल्याकडे पोप हवा असं म्हणत नाही. आपल्या परंपरेत मतभेदाला जागा आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा याच जागेतून आला. हनफी फिक्हमध्ये स्त्रीला सुटका मिळणं इतकं अवघड होतं की पंजाबात काही बायका निकाह तुटावा म्हणून धर्म सोडत होत्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींसारख्या कट्टर हनफी आलिमांनीच मालिकी फिक्हचा आधार घेतला. त्यातून झालेल्या कायद्यानुसार दोन वर्षं खर्च न देणं, क्रूर वागणूक अशा कारणांवरून स्त्री थेट कोर्टात विवाहविच्छेद मागू शकते. हा कायदा आम्हाला तिघांपैकी कोणी सांगितला नाही. एका वकीलबाईंनी सांगितला. बहीण कोर्टात गेली आणि सुटली.

ख्रिस्ती बायकांनाही हे फुकट मिळालं नाही. १८६९ च्या कायद्यात नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार पुरेसा होता. बायकोला मात्र साधारणपणे व्यभिचारासोबत क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने प्रगती वर्गीस खटल्यात ही अट काढली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. उलट बाजूने, चर्चच्या न्यायाधिकरणाचा निर्णय कायदेशीर घटस्फोट मानावा ही मागणी सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. आपल्याबाबतीत २०१४ मध्येच त्याच कोर्टाने सांगितलं होतं की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कोणावर लादता येत नाही. ज्याला पटेल त्याने मानावा.

म्हणून पुढच्या वेळी कोणी "शरियत असं सांगते" म्हणालं, की अदबीने तीन गोष्टी विचारा. हे कुराणात आहे, हदीसमध्ये आहे, की एखाद्या इमामाच्या फिक्हमध्ये? यावर दुसऱ्या आलिमांचं वेगळं मत आहे का? आणि हा सल्ला आहे की कायदा? चांगले आलिम या प्रश्नांनी रागावत नाहीत. मला भेटलेल्या एकांनी तर बसवून घेऊन समजावलं. आम्ही हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर बहिणीचे आठ महिने वाचले असते.