महासंगणक आला, पण आज्ञावलीचे काय?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील ‘अर्क’ या ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेच्या महासंगणकाचे लोकार्पण झाले. पावसामुळे पंतप्रधानांचा पुणे दौरा त्याच दिवशी रद्द झाला होता आणि हा कार्यक्रम दूरदृश्य प्रणालीद्वारे उरकावा लागला, हा योगायोगच. मे २०२५ मध्ये संस्थेने हवामान अंदाजाची जाळी बारा किलोमीटरवरून सहावर आणली. अंतर निम्मे झाले की जाळीतील बिंदू चौपट होतात, काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे गणिताचा भार सुमारे आठपट. अंदाज मात्र पावसाच्या आधीच हाती यायला हवा.

हा भार हजारो प्रोसेसरांवर वाटला की काम भागले, असा समज आहे. तो खरा नाही. कामाचा अवघा ५ टक्के भाग क्रमानेच करावा लागणारा असेल, तर प्रोसेसर कितीही वाढवले तरी वेग वीसपटीपलीकडे जात नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादाचा हा अर्थ. शिवाय वाटणीही सारखी होत नाही. ज्याच्या वाट्याला घाटमाथ्यावरचे ढग येतात तो प्रोसेसर राबतो, निरभ्र आकाशवाले ताटकळतात.

हे ताटकळणे दाखविणारी साधने आहेत. बार्सिलोनाच्या सुपरकम्प्युटिंग सेंटरचे ‘पॅराव्हर’ प्रत्येक प्रोसेसरचा दिनक्रम पडद्यावर मांडते. तेथीलच ‘डिमेमास’ त्याच नोंदींवरून, जोडजाळे दुप्पट वेगवान असते तर काय झाले असते, याचा अदमास देते. इलिनॉय विद्यापीठात लक्ष्मीकांत काळे यांच्या गटाने विकसित केलेले ‘बिगसिम’ तर अद्याप न बांधलेल्या यंत्रावर आज्ञावली कशी धावेल, हे आधीच चाचपते. अदमास चुकू शकतो. पण कोट्यवधींची खरेदी चुकण्यापेक्षा ते बरे.

राष्ट्रीय महासंगणन अभियानासाठी २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपये मंजूर झाले. आज्ञावली आणि मनुष्यबळ हेही त्याचे उद्दिष्ट होते. गाजावाजा मात्र पेटाफ्लॉपचाच झाला. तो आकडा यंत्राची क्षमता सांगतो. हवामानाच्या आज्ञावलीचा बराच वेळ स्मृतीतून आकडे आणण्यात जात असल्याने तिला त्यातील थोडाच हिस्सा मिळतो. पुढील निविदेपूर्वी आपल्याच आज्ञावलीचा असा अदमास घेतला, तर पैसा प्रोसेसरवर खर्चावा की जोडजाळ्यावर, हे यंत्र दारात येण्याआधी ठरवता येईल.