देवीचे औषध आणि धाकटी बहीण

देवी १९७५ साली आपल्या देशातून गेल्या आणि १९८० साली साऱ्या जगातून गेल्याची द्वाही फिरली. मात्र त्यांची एक धाकटी बहीण मागे राहिली. तिला पूर्वी मंकीपॉक्स म्हणत. २०२२ पासून एमपॉक्स म्हणतात. ताप येतो, गाठी सुजतात, अंगावर फोड उठतात. बहुतेक रोगी दोन-चार आठवड्यांत बरे होतात. पण एचआयव्हीने ज्याचे शरीर आधीच पोखरले आहे, त्याचे काय?

२०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये असे ३८२ रोगी अभ्यासिले गेले. त्यांतील २७ दगावले. दगावलेल्या प्रत्येकाच्या रक्तात रोगाशी झुंजणाऱ्या सीडी-४ पेशी २००हून कमी होत्या.

मग औषध नाही का? आहे, टेकोव्हिरिमॅट. कोणी देवीचे विष हत्यार म्हणून वापरलेच, तर हाताशी असावे म्हणून हे शोधले गेले. विषाणूला एका पेशीतून निघून दुसरीत पसरू द्यायचे नाही, हे त्याचे काम. अमेरिकेत २०१८ साली त्याला मान्यता मिळाली, तीही प्राण्यांवरील प्रयोगांवरून. कारण देवीचा रोगी जगात उरलाच नव्हता!

साहजिकच आशा मोठी होती. काँगोमध्ये ५९७ रोग्यांपैकी काहींना हे औषध, तर काहींना तशाच दिसणाऱ्या कोऱ्या गोळ्या दिल्या. २०२४ साली निकाल लागला: फोड औषधाने लवकर बरे झाले नाहीत. परंतु गंमत पाहा, दोन्ही गटांत मिळून मृत्यू शेकडा १.७, त्या देशात एरवी ते ३.६ किंवा अधिक. रुग्णालयातील देखभालीने हे साधले. त्याच वर्षी दुसऱ्या चाचणीतही औषध फोडांपुढे हरले. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्यांना कोऱ्या गोळ्या देणे योग्य नव्हते. त्यांच्यासाठी डॉक्टर अजून ते वापरतात, पण त्यावर विसंबून राहता येत नाही.

तात्पर्य, खरा आधार एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांचा. ज्यांनी त्या सुरू केल्या नाहीत किंवा सोडल्या, त्यांना एमपॉक्स झाल्यास त्या त्वरित सुरू कराव्यात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले. आपल्याकडे सरकारी केंद्रांत त्या २००४ पासून फुकट मिळतात. तरीही त्या सुटतात. पुष्कळदा पैशापायी नव्हे, तर ‘कोणी पाहील’ या धास्तीपायी.

तेव्हा दिवाळीला आलेल्या भाच्याच्या पिशवीत अशी बाटली दिसलीच, तर चौकशी करू नये. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या मात्र आठवणीने ठेवावा.