उलटे टांगलेले अक्षर

आपल्या पौष किंवा माघ अमावास्येच्या सुमारास चिनी नववर्ष येते, आणि त्या निमित्ताने अलीकडे आपल्या शहरांतही 'चिनी भाषा आणि संस्कृती परिचय' या नावाचे कार्यक्रम होऊ लागले आहेत. त्यांचा साचा ठरून गेलेला आहे. तांबडे कंदील, कागदाचे कातरकाम, दोन काड्यांनी शेंगदाणे उचलण्याची स्पर्धा, ढोल-झांजांवर नाचणारा सिंह (त्याला सूत्रसंचालक हटकून 'ड्रॅगन' म्हणतात, सिंहाच्या कातड्यात दोन माणसे असतात आणि ड्रॅगन काठ्यांवर पेलायला अख्खी रांग लागते, एवढे तरी पाहून घ्यावे), आणि जेवणाआधी उरलेल्या वीस मिनिटांत 'चला, चिनी शिकू या'. श्रोते 'नी हाओ' म्हणतात, टाळ्या होतात, पाने मांडली जातात.

या कार्यक्रमांत भाषेला लोणच्याइतकीच जागा मिळते, हा माझा आक्षेप आहेच. पण तो दुय्यम. मुख्य आक्षेप असा की हा सण मुळात भाषेचाच बनलेला आहे. भाषा वगळून तो साजरा करता येतो, हा समजच चुकीचा आहे.

दारावर चिकटवलेला तांबडा चौकोनी कागद घ्या. त्यावर 'फू' हे भाग्यवाचक अक्षर असते आणि पुष्कळ घरांत ते मुद्दाम उलटे लावतात. का? 'उलटे झाले' आणि 'येऊन पोचले' या दोन्ही अर्थांचे शब्द 'ताओ' असे, अगदी एकाच स्वराघातात उच्चारले जातात. कोणी पाहुणा 'अहो, तुमचे भाग्य उलटे झाले की!' असे म्हणाला, की त्याच्याच तोंडून 'भाग्य आले' असे वदवून घेतले गेले. जेवणात अखंड मासा असतो आणि तो पूर्ण संपवायचा नसतो, कारण 'यू' म्हणजे मासा आणि 'यू' म्हणजे शिल्लक. सणाच्या दिवशी भांडे फुटले तर घरातले वडीलधारे लगोलग 'स्वेई स्वेई फिंगआन' म्हणतात. 'स्वेई' म्हणजे तुकडे होणे आणि 'स्वेई' म्हणजे वर्ष. अपशकुनाचा तिथल्या तिथे वर्षानुवर्षांच्या सुखरूपतेचा आशीर्वाद होतो. चार हा आकडा शक्यतो टाळतात, कारण तो मृत्यूच्या शब्दाला खेटून बसला आहे.

आणि दाराच्या दोन बाजूंच्या उभ्या पट्ट्या? ती शोभा नव्हे, ते काव्य आहे. दोन ओळी, अक्षरसंख्या समान, नामासमोर नाम, क्रियापदासमोर क्रियापद, स्वराघातही एकमेकांना छेद देणारे. पहिली ओळ दारासमोर उभ्या राहणाऱ्याच्या उजव्या हाताला आणि दुसरी डाव्या हाताला, असा संकेत. ज्या समाजात शेतकऱ्याच्या दारालाही वर्षातून एकदा छंदोबद्ध कविता लागते, त्या समाजाचा सण आपण कंदील आणि नूडल्स यांत आटोपतो.

आयोजकांचे उत्तर मला पाठ झाले आहे: 'आधी गोडी लागू द्या, भाषा मागून येईलच.' गोडी लागते हे खरे, पण कशाची? परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांकडे पाहा. संक्रांतीला लाडू आहेत, काळ्या साड्या आहेत, हळदीकुंकू आहे. पण तिथे वाढलेल्या मुलाला 'तिळगूळ घ्या, गोड बोला' या वाक्यातील 'गोड' जिभेच्या दोन्ही कामांना एकदमच लागू होतो हे उमगले नाही, तर त्याच्या हाती उरते ते तिळाची मिठाई वाटण्याचे एक संमेलन. हे ज्यांना कळले त्यांनीच तिकडे रविवारच्या मराठी शाळा काढल्या. परदेशांतले चिनी लोकही हेच करतात: शनिवार-रविवारी मुलांना बसवून एकेक अक्षर चौकटींच्या वहीत पुन्हा पुन्हा गिरवून घेतात. मुले कुरकुरतात. सिंहनृत्याला कोणी कुरकुरत नाही. भाषा कुठे चालू आहे आणि करमणूक कुठे, हे ओळखायला ती कुरकुर पुरेशी आहे.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे: चिनी म्हणजे कोणाची चिनी? अशा कार्यक्रमांत शिकवतात ती बीजिंगच्या बोलीवर आधारलेली प्रमाणभाषा. तिच्याबद्दल तक्रार नाही. प्रमाणभाषा शिकावीच लागते. पण आपल्या देशात चिनी नववर्ष दोनशेहून अधिक वर्षांपासून ज्यांच्या घरी साजरे होत आले, त्यांची मातृभाषा ती नव्हे. कोलकात्याच्या टांग्रा भागातले चामडे कमावणारे हक्का बोलत. तिरेट्टा बाजारातले सुतार कॅन्टनी. दात बसवणारे हुपेहचे. वर सांगितलेली माशाची कोटी कॅन्टनीत बिनचूक जुळते, पण हक्कात मासा म्हणजे नुसता नाकातला 'ङ', आणि शिल्लक म्हणजे 'यी'. टांग्रातल्या आजीबाईंच्या तोंडी ही कोटी मुळी जुळतच नाही! वर्गात 'चिनी संस्कृतीचे उदाहरण' म्हणून जे शिकवले जाते, ते आपल्याच देशातल्या चिनी घरात लागू पडत नाही, याची दखल कोणत्या परिचयवर्गात घेतली जाते?

मुंबईकरांना तर कोलकात्यापर्यंतही जायला नको. माझगावात १९१९ साली उभारलेले 'सी यप' मंदिर आहे. नववर्षाच्या रात्री तिथे पूजा असते. आणि कॅमेरेही असतात. सी यप म्हणजे चार परगणे, ग्वांगदोंग प्रांतातले चार जिल्हे. हेच नाव कोलकात्याच्या 'सी इप' देवळालाही आहे. (तिथल्या चिनी देवळांना लोक 'चर्च' म्हणतात, हे आणखी एक.) कोणत्या गावचे, कोणती बोली बोलणारे लोक जहाजांतून इथे आले, ते पाटीवरच्या दोन अक्षरांत लिहिलेले आहे. ती पाटी छायाचित्रात छान येते. वाचत कोणी नाही.

न वाचण्यालाही इतिहास आहे. १९६२च्या युद्धानंतर आसाम, बंगाल आणि ईशान्येकडील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले. त्यांत इथेच जन्मलेले होते, लहान मुले होती; काही जण तर वर्षानुवर्षे तिथे राहिले. ज्या भाषेची अक्षरे घरात सापडणे हाच संशयाला आधार ठरू शकत होता, ती भाषा आक्रसली नाही तरच नवल. एके काळी वीस हजारांच्या घरात मानली जाणारी कोलकात्याची चिनी वस्ती आता दोन-अडीच हजारांवर आल्याचे सांगतात. मुले टोरांटोला गेली, विद्यार्थ्यांअभावी शाळा ओस पडली, आणि १९६९पासून निघणारे 'सेओंग पाओ' हे चिनी दैनिक २०२०मध्ये टाळेबंदीत थांबले ते थांबलेच. असमियात रीता चौधरी यांनी माकुमच्या चिनी लोकांवर 'माकाम' (२०१०) ही कादंबरी लिहिली. त्याच लोकांच्या नववर्षाला आपण जातो ते मोमो खायला. एवढ्या जवळच्या शेजाऱ्यांशी असा व्यवहार करणाऱ्यांनी 'संस्कृतीसंवाद' हा शब्द जरा जपून वापरावा.

आता दुसरी बाजू. सीमेवर काही घडले की 'चिनी शिकताच कशाला?' असे विचारणारे पुढे येतात. २०१९च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात शालेय स्तरावरील परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती. २०२०च्या अंतिम धोरणातून ती वगळली गेली. शत्रू मानायचा असेल तरी त्याचे म्हणणे दुभाष्याशिवाय कळावे, एवढा साधा व्यवहारही या राष्ट्रभक्तीला सुचत नाही. गंमत अशी की हे दोन्ही पक्ष, कंदीलवाले आणि बंदीवाले, एका मुद्द्यावर एकमताचे आहेत: भाषा शिकण्याचे कष्ट कोणीच घ्यायचे नाहीत.

मराठी माणसाला तर हे मुळीच शोभत नाही. पुण्याच्या पु. वि. बापटांनी पालीतला 'विसुद्धिमग्ग' आणि केवळ चिनी अनुवादात पूर्ण टिकून राहिलेला 'विमुत्तिमग्ग' यांचा तौलनिक अभ्यास १९३७ साली प्रसिद्ध केला. पुढे १९७०मध्ये भांडारकर संस्थेने त्यांचे आणि जपानी विद्वान हिराकावा यांचे एका चिनी विनयग्रंथाचे भाषांतर काढले. आपल्याकडचे हरवलेले ग्रंथ चिनीतून परत आणायचे, तर चिनी शिकणे भागच होते. त्यासाठी बापटांना सिंहनृत्य लागले नाही. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवण्याइतके चिनी शिकले. आपण लक्षात ठेवला तो शांतारामबापूंचा चित्रपट.

तेव्हा पुढच्या नववर्षाला कार्यक्रम करायचाच असेल तर एक करून पाहावे. सहा रेघांचे 'न्येन' हे अक्षर, वर्ष या अर्थाचे, ज्याचा मूळ अर्थ पिकलेले धान्य असा आहे, ते सगळ्यांकडून रेघांच्या क्रमाने गिरवून घ्यावे. दारावरची एकच जोडओळ आठवडाभर रोज संध्याकाळी वाचावी, शब्द फोडून, स्वराघातांसह. आणि शेवटच्या संध्याकाळी माझगावच्या एखाद्या चिनी आजोबांना बोलावून तीच ओळ त्यांच्या चार परगण्यांच्या बोलीत म्हणायला सांगावी. गर्दी कमी होईल. प्रायोजकही बहुधा मिळणार नाहीत.