बांधावरचा तरवड परसात आणावा



टनेज, उतारा आणि भाव यांवर या अंकातून नेहमीच लिहिले जाते. आज आम्ही तरवडाविषयी लिहीत आहोत. विषय लहान वाटेल, पण तो आपल्या घरच्या ताटापर्यंत येतो.

चुडावा-पूर्णा भागात पाणी आलं, ऊस वाढला, त्याचा आम्हांस आनंदच आहे. पण एक सरी जास्त बसावी म्हणून बांध कोरले गेले. उरलेल्या बांधाला पाचटाचा जाळ लागतो, नाहीतर टू-फोर-डीचा फवारा उडतो. हे औषध रुंद पानाचं तण मारतं. ऊस गवताच्या जातीचा म्हणून वाचतो आणि तरवड मरतो. शेजारच्या तेलंगणात हेच पिवळं फूल बतुकम्मा सणात मानानं रचतात आणि आपण ते काडी लावून संपवतो.

कोणी विचारील, उसाला तरवडाचा उपयोग काय? खरं सांगायचं तर काही नाही. ऊस टिपरी लावून येतो, त्याला ना भुंगा लागतो ना मधमाशी. पण सभासदाचं घर नुसत्या उसावर चालत नाही. भोपळा-काकडीच्या नर फुलातला पराग मादी फुलावर कोणी नेला नाही तर फळ धरत नाही. सूर्यफुलाचे दाणेही मधमाशी आली तरच नीट भरतात.

वांग्याची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या परागकोशाला टोकाशी फक्त बारीक छिद्र असतं. वाऱ्यानं थोडा पराग पडतो, पण मधमाशीला तो झाडता येत नाही. काळा भुंगा फुलाला घट्ट धरून अंग थरथरवतो, घूं आवाज होतो आणि पराग पिठासारखा झडतो. तरवडाचं फूलही असंच उघडतं. वांगी नसतात तेव्हा भुंग्याचं पोट तरवड भरतो. बांधावरचा तरवड गेला की परसातल्या वांग्याचा हा बिनपगारी गडीही जातो.

लावणं अवघड नाही. पिकलेल्या शेंगांचं बी घ्यावं. कवच टणक असतं, म्हणून गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजू द्यावं आणि मृगात टोकावं. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवावं. पाणी साचतं तिथं, मोरीजवळ लावू नये. एकदा मूळ धरलं की वर्षानुवर्षे राहतो, पाणी मागत नाही, जनावरंही सहसा तोंड लावीत नाहीत. फुलात मध नसतो, नुसता पराग. म्हणून जोडीला तुळस, निर्गुडी असावी. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, त्या फुलपाखराच्या आहेत, उसावर जात नाहीत. एखादं वाळकं लाकूड कोपऱ्यात राहू द्या. भुंगा त्यातच घर कोरतो. वांग्यावर फवारा मारणं भागच असेल तर दिवस मावळताना मारा.

आमची मागणी साधी आहे. शेतकी विभागानं मृगाआधी गट कार्यालयांत तरवडाचं बी ठेवावं आणि तणनाशकाचा सल्ला देताना 'बांध सोडून मारा' एवढं आवर्जून सांगावं. सभासदांनीही हातभर बांध जाळल्यावाचून ठेवावा. तरवडाची मुळं तिथली माती धरून ठेवतील, आणि बांध जागेवर राहिला तर शेजाऱ्याशी होणारी निम्मी भांडणंही मिटतील.