ताकाने जंतू दबतो, मरत नाही

तालुक्याच्या बाजारात किराणा दुकानाच्या फ्रिजमध्येही आता प्रोबायोटिक दुधाच्या इवल्याशा बाटल्या दिसू लागल्या आहेत. पोटाला चांगले, एवढे ऐकले की माणूस घेतो. गावात तर जळजळ झाली की 'ताक पी, थंड दूध घे' हा सल्ला पारावर फुकटच मिळतो. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण ज्याच्या जठराला जंतूमुळे सूज आली आहे, त्याने यावर विसंबून राहू नये.

हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. तिखट खाणे आणि डोक्याची काळजी यांनीच अल्सर होतो, असे पूर्वी डॉक्टरही मानत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी हा जंतू वाढवून दाखवला. कुणी ऐकेना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतू घातलेले पाणी स्वतःच पिऊन जठराची सूज ओढवून घेतली! २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. हा पठ्ठ्या स्वतःभोवती अमोनिया तयार करून आम्लातही वर्षानुवर्षे ठाण मांडतो. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नाही. काहींना अल्सर होतो, तर थोड्यांना जठराचा कर्करोग.

मग दह्याचे काय? जपानमध्ये याची नीट पारख झाली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जंतू असलेल्या ३१ जणांना आधी आठ आठवडे साधे दही दिले. फरक पडला नाही. नंतर आठ आठवडे लॅक्टोबॅसिलसच्या एका खास वाणाचे दही दिले, तेव्हा जंतूचा जोर कमी झाला. कमी झाला, संपला नाही. बियाण्यासारखेच आहे हे, वाणावाणात फरक असतो. घरच्या विरजणात कोणता वाण किती आहे, हे कोण मोजणार?

जंतू मारायला दोन-तीन प्रकारची जंतुनाशके आणि आम्ल कमी करणारी गोळी लागते, तीही साधारण चौदा दिवस. तोंड कडू होते, जुलाब लागतात. चौथ्या दिवशी बरे वाटले की उरलेल्या गोळ्या कोनाड्यात जातात. इथेच घात होतो, कारण उरलेला जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो. मेट्रोनिडॅझोल तर आपल्याकडे अनेकांना आधीच लागू पडत नाही. प्रोबायोटिकचा खरा उपयोग इथे आहे. औषधासोबत घेतल्यास जुलाब कमी होतात आणि माणूस कोर्स पुरा करतो. फक्त गोळ्यांत टेट्रासायक्लिन असेल तर दूध-ताक त्याच वेळी घेऊ नये. आणि कंबर दुखते म्हणून उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या गिळणाऱ्यांना ताक कितीसे वाचवणार?

जंतू बहुधा लहानपणीच घरातल्या घरात लागतो. अस्वच्छ हात आणि दूषित पाणी हेही मार्ग मानले जातात. ग्रामपंचायत अधिकारी व जलसुरक्षकांनी टीसीएल पावडर वेळेवर पडते की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

कोर्स संपल्यावर चार आठवड्यांनी जंतू गेला का, याची तपासणी डॉक्टरांना विचारून करावी. शौचास डांबरासारखी काळी होत असेल, उलटीत रक्त पडत असेल, तर ताकाचा तांब्या बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. विनाकारण वजन उतरत असेल तरी तपासणी लांबवू नये.